किती मिळतात ते सोडा, उरतात किती?

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकले आहेत.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचला. आपला एक श्रोता आहे, मूळचा नाशिकचा, वय सत्तावीस, सध्या हिंजवडीत नोकरी. तो म्हणतो, "ताई, मला जर्मनीतून ऑफर आलीय, स्टुटगार्टची. वर्षाला ५८ हजार युरो. इथे माझं पॅकेज १८ लाखांचं आहे. गुगलवर टाकलं तर तिकडचे ५८ लाख होतात. घरचे म्हणतात, यात विचार काय करायचा? पण एका साइटवर तुलना केली तर ती म्हणते तिकडे जगणं तिपटीने महाग. मग मी नक्की कुठला आकडा धरू?"

मित्रा, तुझी व्हॉइस नोट मी दोनदा ऐकली. कारण हाच प्रश्न २०२१ साली आमच्या घरात होता, आणि त्याचं उत्तर मी काढलं होतं. एक्सेल शीट माझीच. सुंदर होती, रंगबिरंगी. आणि साफ चुकीची होती.

मी स्टुटगार्टच्या जवळ राहते. तेव्हा आम्ही चिंचवडला होतो. नवऱ्याला इकडची ऑफर आली, ५६ हजार युरो. मुलगी दीड वर्षाची. फ्लॅटचं ४८ लाखांचं कर्ज बाकी, महिन्याला ३८ हजारांचा हप्ता. मी एका कंपनीत टेस्टिंगला होते, हातात ७० हजार यायचे. त्याच्या हातात एक लाख.

माझं गणित असं होतं. ५६ हजार भागिले बारा, म्हणजे महिन्याला ४,६६६ युरो. कर पंचवीस टक्के धरला, उरले ३,५००. जाहिरातीत घरभाडं दिसलं ९५०. खाणंपिणं ३००, इतर २५०. सगळे मिळून १,५०० खर्च, २,००० बचत. तेव्हा युरो ८७ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे महिन्याला पावणेदोन लाख! मी पप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, फोनवर सांगितलं, "पप्पा, तीन वर्षांत कर्ज फिटतंय." ते इतके खूश झाले की सोसायटीत पेढे वाटून आले.

आणि साताऱ्याला माझ्या आईला सांगितलं, "आई, गुडघ्याचं ऑपरेशन आता नको, आम्हाला तिकडे सेटल होऊ दे. सहा महिन्यांत मस्तपैकी करून टाकू." याच्याकडे नंतर येते.

आता खरं काय झालं ते सांगते.

पहिली गोष्ट, हातात येणारा पगार. जर्मनीत कर वेगळा आणि सामाजिक विम्याची कपात वेगळी. पेन्शनसाठी ९.३ टक्के तुमच्या पगारातून जातात, तेवढेच मालक भरतो. बेरोजगारी विमा, आरोग्य विमा, म्हातारपणी देखभालीचा विमा, सगळं मिळून पगाराचा पाचवा भाग कर लागायच्या आधीच जातो. मग आयकर. नवऱ्याच्या हातात आले सुमारे ३,२३०. आणि हे आम्ही लग्न झालेले आणि एकटाच कमावता म्हणून. तो सिंगल असता तर आणखी कमी. मुलीसाठी सरकारकडून बालभत्ता मिळतो, तेव्हा २१९ युरो होता. म्हणजे एकूण साडेतीन हजार धरा. इथपर्यंत माझा आकडा फार चुकला नव्हता.

दुसरी गोष्ट, भाडं. जाहिरातीतला ९५० चा आकडा होता 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडं. नुसत्या भिंतींचं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई धरली की होतं 'वार्ममीटे', उबदार भाडं. आमचं झालं १,२४०. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. आणि घर ताब्यात घेतलं तर स्वयंपाकघरात काय होतं? दोन नळाचे पाइप आणि एक सॉकेट. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही! इकडे बऱ्याच घरांत स्वयंपाकघर भाडेकरूने स्वतः बसवायचं असतं. पहिले अकरा दिवस मी इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी केली आणि भांडी बाथरूममध्ये घासली.

शिवाय डिपॉझिट. कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं घेता येतं, आणि घरमालक बहुतेक तेवढं घेतातच. डिपॉझिट, किचन, गाद्या, दिवे, मुलीचे थंडीचे कपडे, सगळं मिळून पहिल्या दोन महिन्यांत साडेसात हजार युरो गेले. माझ्या शीटमध्ये यासाठी एकही ओळ नव्हती.

तिसरी गोष्ट, महिन्याचा खर्च. घर १,२४०. किराणा आणि घरसामान ५६०. वीज, इंटरनेट, दोन फोन १३०. रेडिओ-टीव्हीची वर्गणी सुमारे १८. ही गंमत ऐका, टीव्ही असो नसो, दर घरामागे ती भरावीच लागते. प्रवास १९०, कारण तेव्हा देशभर चालणारा स्वस्त पास नव्हता. जर्मनचा क्लास, विमे, कपडे, औषधं, वाढदिवस, असं सगळं ३८०. बेरीज २,५१८.

उरले साधारण ९३०. म्हणजे ८१ हजार रुपये.

तुम्ही म्हणाल, ८१ हजार काय वाईट आहेत? थांबा. पुण्यात आमच्या दोघांचे मिळून हातात एक लाख सत्तर हजार यायचे. कर्जाचा हप्ता आणि आईवडिलांना द्यायचे पैसे दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते बाजूला ठेवते. बाकी घरखर्च होता ९२ हजार, त्यात बाई, पाळणाघर, पेट्रोल, सगळं आलं. उरायचे ७८ हजार.

७८ आणि ८१. फरक तीन हजारांचा. आणि वर्षातून एकदा तिघांनी भारतात यायचं म्हटलं तर विमानाची तिकिटं दोन लाखांच्या वर. म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. झालो की नाही आम्ही मायनसमध्ये?

हे गणित मी पहिल्यांदा नीट मांडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तीन वेळा तपासलं. चूक कुठे आहे ते सापडेना. मग सापडली. मूळ शीटमध्ये 'पुणे' नावाचा रकाना होता, त्यात एकच पगार लिहिला होता, नवऱ्याचा. माझे ७० हजार नव्हतेच. शीट मी बनवली, आणि स्वतःचा पगार मीच मोजला नव्हता. मी नोकरी सोडणार हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की तो खर्च आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

नवऱ्याला उठवून सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता पप्पांना काय सांगायचं?"

बरं, आता तुमच्या मनातला प्रश्न. त्या तुलना करणाऱ्या साइट्स असताना असं कसं झालं? मी त्या पाहिल्या होत्या. त्या खोट्या नसतात, पण त्या काय मोजतात ते समजून घ्या.

नंबिओ नावाची प्रसिद्ध साइट आहे, २००९ पासून. न्यूयॉर्क म्हणजे १०० असं धरून बाकीच्या शहरांना आकडा देते. भाव लोकच भरतात. तिच्या यादीत दूध, तांदूळ, अंडी, बटाटे आहेत, तसंच गोमांस, वाइन, सिगारेट आणि इंटरनॅशनल शाळेची फीसुद्धा आहे. आता सांगा, साताऱ्याच्या शाकाहारी घराची यादी ही असेल का? त्यात मेथी नाही, ताकाचं दही नाही, धुणंभांड्याची बाई नाही, वर्षाची विमानाची तिकिटं नाहीत.

'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून एक गमतीशीर तुलना करतं, बिग मॅक बर्गरची किंमत वेगवेगळ्या देशांत काय आहे याची. भारतात बीफचा बिग मॅक मिळत नाही, म्हणून आपल्याकडे त्याऐवजी चिकनचा महाराजा मॅक धरतात. म्हणजे एका बर्गरची तुलना करायची तरी वस्तू बदलावी लागते, तर अख्ख्या घराची काय कथा.

पण या सगळ्यामागे एक साधं सूत्र आहे आणि ते समजलं की निम्मं काम होतं. ज्या वस्तू यंत्रावर बनतात आणि जहाजातून जगभर जातात, त्यांचे भाव सगळीकडे जवळपास असतात. फोन, लॅपटॉप. आयफोन तर भारतात अनेकदा इकडच्यापेक्षा महाग. पण ज्या गोष्टीत माणसाची मेहनत असते, तिचा भाव त्या देशातल्या मजुरीवर ठरतो. जर्मनीत २०२५ साली कायद्याने किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. तेवढी मजुरी द्यायची तर केस कापायला २५-३० युरो लागणारच. घरी बाई ठेवणं विसरा. प्लंबर आला की घड्याळाकडे बघत बसावं लागतं.

म्हणून काय होतं, पुण्यात तुमचा पैसा सेवा विकत घेण्यात जास्त ताकद दाखवतो. भाजीवर कोथिंबीर फुकट मिळते. इकडे तीच कोथिंबीर कुंडीसकट दीड-दोन युरोला. पण दूध, पास्ता, बटाटे, चीज, सफरचंद इकडे पगाराच्या मानाने स्वस्त. जो माणूस इकडे येऊनही पुण्यासारखंच जगायचा आग्रह धरतो त्याला तिप्पट खर्च येतो. जो स्वतः भांडी घासतो, स्वतः केस कापायला शिकतो आणि तूरडाळीबरोबर इकडच्या मसुरीवरही खूश असतो, त्याला नाही येत. माझ्या नवऱ्याचे केस आता मीच कापते. बरे कापते. तो वेगळं सांगेल.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त रडगाणं गाते असं वाटेल. कापून जाणारे पैसे हवेत जात नाहीत. आरोग्य विम्यात मी, न कमावणारी बायको, आणि मुलगी, दोघी वेगळा हप्ता न भरता आलो. मुलीला न्यूमोनिया झाला, पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती, आम्हाला बिल असं आलंच नाही. सरकारी शाळेला फी नाही. पुण्यात शाळेसाठी आम्ही जी रक्कम मनात धरली होती, ती इकडच्या शीटमध्ये शून्य होते. या ओळीही तुलनेत लिहायला हव्यात.

आता भावही एका जागी थांबत नाहीत. रशियाने युक्रेनवर हल्ला केला ते वर्ष, २०२२. जर्मनीत त्या वर्षी महागाई सरासरी ६.९ टक्के होती. आम्हाला वर्षाच्या शेवटी हीटिंगचं ६४० युरोंचं फरकाचं बिल आलं. देशभर चालणारा प्रवासाचा पास मे २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, २०२५ मध्ये ५८ झाला, २०२६ मध्ये ६३. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून बजेट करू नका.

आता आईच्या गुडघ्याचं. सहा महिने म्हटलं होतं ना मी? सहा झाले, आठ झाले. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. आई विचारायची, "किती कमावता?" असं नाही. ती विचारायची, "उरतात का गं काही?" मी म्हणायचे, "हो आई, उरतात की." ती गुडघ्याचा विषयच काढायची नाही. मलाही वाटायचं, फार दुखत नसेल.

मग भावाने एकदा सहज सांगितलं की आई मंडईत जायची बंद झालीय. आता ज्यांनी माझ्या आईला पाहिलंय त्यांना कळेल. ती रोज मंडईत जाणारी बाई. भाजी घ्यायची नसली तरी जाणारी. ती पाच महिने गेली नव्हती. आणि मला म्हणाली नाही, कारण मी 'उरतात' म्हणत होते आणि पैसे पाठवत नव्हते. तिला दोन्ही समजत होतं.

त्या आठवड्यात आम्ही पप्पांना सगळे आकडे फोनवर वाचून दाखवले. तीन वर्षांत कर्ज फिटणार नाही, आणि का, ते सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "आधीच सांगायचं होतंत, पेढे परत थोडेच मागणार होतो?" मग म्हणाले, "आधी विहीणबाईंचं ऑपरेशन करा. बँक कुठे पळून जात नाही." भारतात यायचं त्या वर्षीचं तिकीट आम्ही काढलं नाही, ते पैसे साताऱ्याला गेले. ऑपरेशन झालं. मी म्हटल्यापासून सतरा महिन्यांनी. आई आता मंडईत जाते, पण जिना उतरताना कठडा धरते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी करायला हवं होतं.

पुढे गाडी रुळावर आली. मुलीला पाळणाघरात जागा मिळाली. इकडे एक वर्षाच्या मुलापासून पाळणाघराचा कायदेशीर हक्क आहे, २०१३ पासून, पण जागा मिळायला वाट बघावी लागते, आम्हाला आठ महिने लागले. मी जर्मनची बी-वन पातळी पूर्ण केली आणि २०२३ मध्ये अर्धवेळ कामाला लागले, नंतर पूर्णवेळ. दुसरा पगार सुरू झाला आणि त्या दिवसापासून स्थलांतर आम्हाला खऱ्या अर्थाने परवडू लागलं. कर्जाचे अजून नऊ लाख बाकी आहेत. तीन वर्षांचा वायदा पाच वर्षांतही पुरा झाला नाही, पण होईल.

तर आता, नाशिकच्या मित्रा, तुझं गणित करू. वही घे. सोयीसाठी युरो शंभर रुपये धरू.

पहिलं पाऊल, दोन्हीकडे हातात येणारा पगार. ५८ हजारांवर सिंगल माणसाला जर्मनीत महिन्याला साधारण ३,०४० युरो हातात येतात. तुझ्या १८ लाखांत कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असेल, तर तुझ्या हातात सव्वा लाखाच्या आसपास येत असतील. तुझी पगाराची स्लिप बघ, माझ्यावर विसंबू नकोस.

दुसरं, तुझी स्वतःची महिन्याची यादी. गेल्या तीन महिन्यांचं यूपीआयचं स्टेटमेंट काढ, तिथे सगळं खरं लिहिलेलं असतं. मग तीच यादी स्टुटगार्टच्या भावाने लिही. एका खोलीचं उबदार भाडं ९०० धर. खाणं ३००, पास ६३, रेडिओ-टीव्ही १८, फोन-इंटरनेट ५०, बाहेर जाणं आणि बाकी सगळं ३५०. झाले १,६८१. उरले सुमारे १,३५०. म्हणजे १ लाख ३५ हजार. पुण्यात तुझा खर्च पन्नास हजार असेल तर उरतात ७५. फरक साठ हजार. वर्षाचं तिकीट वजा केलं तर पन्नास-पंचावन्न.

लक्षात घे, रुपयांत रूपांतर आपण शेवटी केलं, आणि फक्त उरलेल्याचं. खर्च जिथे होतो तिथल्या चलनात मोजायचा. तिकडची कॉफी रुपयांत मोजलीस तर पिणार नाहीस, आणि पगार रुपयांत मोजलास तर भुलशील. बचत मात्र इकडे पाठवणार असशील तर तीच रुपयांत मोजायची.

तिसरं, सुरुवातीचा खर्च. डिपॉझिट, सामान, पहिलं भाडं मिळून सहा हजार युरो धर. कंपनी काही देते का, विचार. देत नसेल तर तुझा पहिल्या अकरा-बारा महिन्यांचा फायदा इथेच गेला. म्हणजे एका वर्षासाठी येऊ नकोस. तीन वर्षं राहायची तयारी असेल तर ये.

चौथं, जे थांबतं ते लिही. लग्न ठरतंय का? होणारी बायको नोकरी सोडणार असेल तर तिचा पगार तुझ्या खर्चाच्या रकान्यात येतो. आणि ते तू एकट्याने लिहू नकोस, तिला बरोबर बसव. आईवडिलांची औषधं, दवाखान्यात कोण नेणार, तेही लिही.

पाचवं आणि शेवटचं. घरच्यांना आकडा सांगशील तेव्हा ५८ लाख सांगू नकोस. उरणारा आकडा सांग. आणि पहिलं वर्ष काहीच उरणार नाही हेही आजच सांग. तुझ्या घरात कुणाचं ऑपरेशन, कुणाची फी तुझ्या जाण्याची वाट बघत थांबली असेल तर तिला थांबवू नकोस. आधी ते उरकून मग विमानात बस.

तू विचारलंस कुठला आकडा धरू. गुगलचा नको, त्या साइटचाही नको. तुझ्या वहीतला शेवटच्या ओळीतला धर. तो मला जाण्यासारखा दिसतोय. पण वही तुझी आहे, तूच भर आणि मग मला कळव.

बाकीच्यांनीही आपापली यादी करून बघा. दुबई, डब्लिन, टोरांटो, कुठेही जाणार असाल तरी पायऱ्या याच, आकडे तुमचे. काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत बसवा म्हणजे मी खरंच ऐकेन. हा भाग घरातल्या अशा एखाद्याला पाठवा ज्याच्याकडे सध्या ऑफर लेटर आहे आणि कॅल्क्युलेटर नाही.

चला, रविवार आहे. आईचा कॉल यायची वेळ झाली. भेटू पुढच्या भागात.